पोरं बोलून राहिले

अमरावतीला चालले म्हटल्यावर आमच्या सांगलीतल्या गल्लीत जो तो विचारी, "चिखलदऱ्याला का?" मी सांगे, "नाही हो, कचरा बघायला." की पुढचे प्रश्न बंद. साठी उलटलेली, वनस्पतिशास्त्र शिकवून घसा बसलेली बाई पौषाच्या थंडीत राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला कचरा बघायला निघते, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असं लोकांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बिनसलं माझं नव्हतं, वंदनाचं बिनसलं होतं.

वंदना वानखडे काही वर्षं आमच्या महाविद्यालयात शिकवत होती, माझ्या शेजारच्या टेबलावर. पुढे तिला तिच्या मुलखातल्या विद्यापीठात नोकरी मिळाली आणि तिथे तिनं खतवाडी उभी केली. वसतिगृहांच्या खानावळीतलं उष्टं आणि आवारातला पालापाचोळा यांचं खत, जुन्या उत्तरपत्रिकांचा लगदा करून त्याचा हातकागद. फोनवर ती गांडुळांबद्दल अशी बोलायची, की लोक नातवंडांबद्दलही बोलत नाहीत. या वेळी मात्र आवाज पडलेला होता. "ताई, या आठवड्यात येता का? एक खोली रिकामी करायची आहे. नाही झाली तर खतवाडी ठेकेदाराकडे जाणार, आणि तो सगळं गावाबाहेर नेऊन जाळणार."

"खोली रिकामी करायला सांगलीहून माणूस कशाला लागतं गं?"

ती म्हणाली, "आल्यावर सांगते."

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा धुकं इतकं होतं की फलाटावरच्या माणसांचे पाय दिसत होते, डोकी नव्हती. रिक्षावाल्यानं "कुठी जाचं?" असं दरडावून विचारलं. आमच्याकडे असं कोणी बोललं तर भांडणच जुंपेल. इथे ती साधी विचारपूस असते, हे कळायला मला अर्धा दिवस लागला. वंदनानं आधी गिला वडा खायला घातला. दह्यात बुडालेला वडा सकाळी सातला, कडाक्याच्या थंडीत. मी म्हटलं, "हे उन्हाळ्यात खायचं की." ती म्हणाली, "उन्हाळ्यातही खातो."

खतवाडी आवाराच्या पार मागच्या अंगाला, टेकडी सुरू होते तिथे. साग उभे वाळलेले, पानं मोठाली, पडताना कोणी सपाता घालून चालल्यासारखा आवाज करतात. मी दोनदा मागे वळून पाहिलं. खताचे हौद ओळीनं होते आणि प्रत्येकातून वाफ निघत होती. विज्ञान मला ठाऊक आहे, मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. तरीही धुक्यात जमिनीला असा श्वास सुटलेला बघून मी दोन पावलं लांबच उभी राहिले. वंदनानं माझा हात धरून एका ढिगात कोपरापर्यंत घातला. कोंबडी अंड्यांवरून उठल्यावर ती जागा लागते ना, तितकं ऊबदार. मी हात पटकन बाहेर काढला.

ती खोली हौदांच्या पलीकडे होती. एकटीच, पत्र्याच्या छपराची. दार आतून दाबल्यासारखं फुगलेलं. कडीला दोरे बांधलेले, आणि दोऱ्यांना पेनांची टोपणं. निळी, काळी, मूठभर नव्हे, घोसच्या घोस. वाऱ्यानं ती एकमेकांवर आपटून बारीक टकटकत होती.

"परीक्षेच्या आधी पोरं येऊन बांधतात," वंदना म्हणाली. "दाराला हात लावून जातात."

"आत काय आहे?"

तिनं सांगितलं ते असं. उत्तरपत्रिकेवर खूण किंवा देवाचं नाव लिहू नये असा नियम आहे, तरी पोरं पहिल्या ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहितातच. श्री. गजानन महाराज प्रसन्न. जय भीम. सातशे शहाऐंशी. आई, सांभाळ. सुरुवातीला लगदा पायानं तुडवत. हे काम दुर्गाबाईंकडे होतं, अकोल्याच्या जुन्या शहराकडची बाई, वयानं पन्नाशीच्या पुढची. एके दिवशी तुडवताना त्यांच्या पायाखाली एक कागद विरघळता विरघळता वर आला आणि त्यावर 'श्री' होतं. आपल्याकडे कोऱ्या कागदाला पाय लागला तरी आपण हात कपाळाला लावतो. त्या बाईंनी तर शेकडो नावं तुडवली होती. त्या दिवसापासून त्यांनी पाय घातला नाही. लगदा मशीनवर गेला, आणि दुर्गाबाई प्रत्येक उत्तरपत्रिकेची वरची पट्टी कात्रीनं कापून बाजूला ठेवायला लागल्या. लगद्यात घालायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत. ठेवायच्या. इतक्या वर्षांच्या पट्ट्या त्या खोलीत होत्या.

आता कागद कातरणारं नवं मशीन येणार होतं आणि त्याला तीच खोली हवी होती. किल्ली दुर्गाबाईंच्या कमरेला.

"मग समजाव की त्यांना. कागद आहे, ओल्या उष्ट्यात घाल, उत्तम खत होईल."

"ताई, माझ्या जातीच्या बाईनं हात लावला तर उद्या काय म्हणतील माहीत आहे? वानखडे बाईनं देवाचं नाव कुजवलं. माझी नोकरी जाईल ते जाईल, आवारात दगड पडतील. म्हणून तुम्हाला बोलावलं." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुमचं आडनाव चालतं. जोशी."

मला राग आला. तिचा नाही, तिनं खरं तेच सांगितलं याचा. आयुष्यभर हे आडनाव मी पत्त्यापुरतं वापरलं असं समजत होते, आणि इथे ते हातमोज्यासारखं उसनं मागितलं जात होतं.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. शिडशिडीत, नाकात मोरणी, डोक्याला मफलर गुंडाळलेला. मला नमस्कार न करता आधी दाराशी गेल्या, टोपणं बाजूला सारून पत्र्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या, "आलो वो, आलो." वऱ्हाडात बायाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण त्या हे कोणाला सांगत होत्या ते ठाऊक नव्हतं.

"कान लावा," त्या मला म्हणाल्या.

मी लावला. आत सळसळ चालली होती. थांबत नव्हती, वाढत नव्हती. वर्गात सर यायच्या आधी असतो तसा आवाज.

"पोरं बोलून राहिले," दुर्गाबाई म्हणाल्या.

मी कान दारापासून झटकन काढून घेतला. आमच्याकडच्या मराठीत मी त्याचा अर्थ लावला, पोरं बोलली आणि मग तिथेच राहिली. परत गेलीच नाहीत. वंदनानं माझा चेहरा बघितला आणि हळूच म्हणाली, "ताई, 'राहिले' म्हणजे आत्ता चालू आहे. बोलतायत, असं म्हणते ती." मला क्षणभर हायसं वाटलं. मग लक्षात आलं, की हे तर पहिल्यापेक्षा वाईट आहे.

दार उघडल्यावर पट्ट्या घसरत आमच्या पावलांपर्यंत आल्या. मी झटकन मागे सरले, पाय लागू नये म्हणून. हो, मीसुद्धा. छपरापर्यंत कागद, बोटभर रुंदीचा, आणि जिकडे पाहावं तिकडे कोणाच्या तरी घामेजल्या हातानं लिहिलेलं एखादं नाव. काही पट्ट्यांना वाळवी लागली होती. तो आवाज वाळवीचा असेल, पत्र्याखालून वारा शिरतो त्याचाही असेल. मी तसं म्हणालेही. दुर्गाबाई म्हणाल्या, "असन."

"हे असं किती दिवस ठेवणार बाई?"

"मले काय हौस हाये? टाकाचं कुठी ते सांगा." मग त्यांनीच सांगितलं. "माहेरी मोर्णा हाये. लहानपनी आमी निर्माल्य तठीच सोडो. दोन पोते घेऊन जाऊ. नदीनं घेतलं त सगळं तठीच नेऊ. नाही घेतलं त मंग तुमी म्हनसान तसं."

म्हणजे त्या नदीला कौल लावत होत्या. वंदनाला हे पसंत नव्हतं. नदीत शाईचा कागद सोडायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं, ती मागेच थांबली. मी मात्र कबूल झाले, आणि त्यात माझी लबाडी होती. मोर्णेची आताची अवस्था मी ऐकून होते, कौल काय येणार ते मला आधीच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

अकोला, जुने शहर

टेम्पो रफीकभाईंचा. ते एरवी सरकीची ढेप, म्हणजे आमच्याकडची पेंड, वाहतात, त्यामुळे पोतीही ढेपेचीच मिळाली, आतून चिकट, कुबट वासाची. पोती चढवताना त्यांनी आत डोकावलं आणि मागे झाले. "मंतर-तंतर त नाही ना बाई? माह्या गाडीत नाही चालनार."

"परीक्षेचे पेपर हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मंग त लयच खराब," म्हणत त्यांनी गाडी चालू केली.

मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या शेतात पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या, काटकुळ्या, आणि त्यांच्यात अडकलेले कापसाचे चुकार पुंजके. आमच्या कृष्णाकाठी या दिवसांत ऊस असतो, शेतात नजर शिरत नाही. इथे नजर जातच राहते आणि कुठे अडत नाही. मला ते सोसेना. मी आपली रफीकभाईंच्या आरशाला लटकवलेल्या लिंबाकडे बघत बसले.

दुपार कलताना मोर्णेवर पोचलो. जुन्या शहराच्या गल्ल्या उतरत उतरत थेट काठाला येतात. नदी दिसलीच नाही. दिसली ती जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार, जाड, वर डुकरं चालतील इतकी. मधे एक पाण्याचा काळा तुकडा तेवढा उघडा होता.

दुर्गाबाई बघत उभ्या राहिल्या. किती तरी वर्षांनी त्या नदीपर्यंत खाली उतरल्या होत्या. "अशी नव्हती," एवढंच म्हणाल्या. मग चपला काढल्या, पदर खोचला, पोटरीभर पाण्यात उतरल्या आणि पहिलं पोतं त्या काळ्या तुकड्यात रिकामं केलं.

कागद तरंगणार हे मला माहीत होतं. तो कुठे जाईल ते मात्र माहीत नव्हतं. पट्ट्या पसरल्या, पाण्यावर पांढरी साय धरल्यासारख्या. थोडा वेळ तशाच राहिल्या. मग वारा नसताना सगळ्याच्या सगळ्या वळल्या आणि काठाकडे यायला लागल्या. खाली कुठेतरी गटाराचं तोंड उघडत असणार, त्यानं पाणी उलटं फिरत असणार. मी मनात हे घोकत होते, आणि तरी माझे पाय मागे मागे जात होते. पट्ट्या सरळ दुर्गाबाईंकडे आल्या. त्यांच्या पोटऱ्यांना चिकटल्या. एकीवर एक, एकीवर एक, जणू पायांना पट्टी बांधतायत.

काठावर दोनचार माणसं जमली होती.

"नाही घेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "मॅडम, परत पाठवून राहिली."

मग मीही उतरले. दुसरं काय करणार? तो घाण वास, ते गार पाणी. आम्ही दोघींनी पट्ट्या ओंजळीनं गोळा करून पोत्यात भरल्या, सोबत जलपर्णीच्या मुळ्या, चिखल, जे येईल ते. दुसरं पोतंही काठावर कलंडून चिंब झालं. वर आल्यावर बघितलं, तर दुर्गाबाईंच्या हातांवर, पोटऱ्यांवर शाई उमटली होती. उलटी अक्षरं. माझ्याही मनगटावर एक होतं, ते मला वाचता आलं नाही. साबणानं घासलं तेव्हा गेलं, पण मी ते जरा जास्तच घासलं.

त्यांच्या भावजयीनं ती पोती घरात घेऊ दिली नाहीत. जेवायला मात्र रोडगे केले, कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वर तुपाची धार, आणि वांग्याची भाजी. वांग्याच्या बाबतीत आम्ही सांगलीकर कोणाला मोजत नाही, पण खाऊन गप्प बसले. जेवताना नदीचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोची क्लचवायर तुटली आणि एक दिवस वाढला. पोती ताडपत्रीखाली उन्हात पडून होती.

परत

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बोरगाव मंजू मागे पडल्यावर रफीकभाईंनी गाडी एकदम कडेला घेतली. "बाई, मागं धूर निघून राहिला."

धूर नव्हता, वाफ होती. ताडपत्री उचलली तर दोन्ही पोत्यांतून थंड हवेत वाफ चढत होती, हौदांवर पाहिली होती तशीच. रफीकभाई पार डांबरी ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. ओला कागद, जलपर्णी, पोत्याला चिकटलेली ढेप, वरून ऊन. काही न करता ते आपलं आपणच सुरू झालं होतं. मी हे मोठ्यानं सांगायला लागले आणि मधेच थांबले, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

दुर्गाबाईंनी पोत्यावर हात ठेवला. पोराचा ताप बघतात तसा, आधी तळवा, मग हाताची मागची बाजू. मग वाकून कान लावला. बराच वेळ. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि ही बाई पोत्याला कान लावून.

"काय झालं?"

"बोलनं बंद झालं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "आता झोपू द्या त्यायले. चाला, खड्ड्यात घालू."

अमरावतीला पोचलो तो बातमी आमच्या आधी पोचलेली. वंदनानं बिचारीनं कोणालाच सांगितलं नव्हतं, पण खोलीचं दार उघडलंय हे कोणीतरी बघितलं होतं. हौदाभोवती वसतिगृहाची पोरं उभी, हातात मोबाइल धरलेले. कार्यालयातले एक गृहस्थ लांबूनच हाताची घडी घालून बघत होते. वंदना बाजूला उभी होती, दोन्ही हात पाठीमागे, जसे शाळेत छडी चुकवायला लपवतात. ठरल्याप्रमाणे मी पुढे झाले. जोशी आडनावाचा हात घेऊन.

पोत्याचं तोंड सोडलं आणि दुर्गाबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुमी नका."

"का हो?"

"तुमी उद्या सांगलीले जासान. ह्या खड्ड्याजवय राहाचं कोनाले हाये?" मग वळून त्यांनी हाक मारली, साध्या आवाजात, "वंदनाबाई, या. तुमीच घाला."

वंदना जागची हलेना. मोबाइल सगळे तिच्याकडे वळले. मला वाटलं, आता ही पळून जाईल, आणि पळाली असती तर मी तिला शब्दानं बोलले नसते. पण ती आली. तिनं दोन्ही हात पोत्यात घातले, गरम कागदाची ओंजळ भरली आणि हौदात सोडली. दुर्गाबाईंनी तिच्या ओंजळीशेजारी आपली ओंजळ रिकामी केली आणि पोरांकडे बघून म्हणाल्या, "काढा फोटो. माह्यबी काढा."

मग दिवेलागणीपर्यंत आम्ही खोली उपसली. एक थर कागद, एक थर उष्टं, एक थर सागाचा पाला. अर्ध्याअधिक पोरांनी मोबाइल खिशात टाकून घमेली धरली. बाकीचे तसेच बघत राहिले. खोली रिकामी झाली तेव्हा आत कसलाही आवाज नव्हता, आणि तिथे उभं राहणं मला सळसळ ऐकण्याहून जड गेलं.

सांगली

जे व्हायचं ते झालं. व्हिडिओ फिरला. त्यात वंदनाचे हात होते, दुर्गाबाईंचे कापून टाकले होते. खाली लिहिलेलं वाक्य वंदनानं मला आधीच सांगितलं होतं तेच, फक्त शुद्धलेखनाच्या चुका जास्त. दगड पडले नाहीत. चौकशी नाही, आरोप नाही, नुसतं तिचं टेबल बदललं, खतवाडीतून ग्रंथालयात. खतवाडी मात्र ठेकेदाराकडे गेली नाही. खोली वेळेत रिकामी झाली होती ना. मी फोनवर कडकडून चिडले, तर तीच माझी समजूत काढत बसली.

होळीनंतर एका रविवारी रात्री तिचा फोन आला. हौद कधीच पिकला होता, पण दुर्गाबाई कोणाला झाकण काढू देत नव्हत्या. 'वंदनाबाई येतीन तवाच' म्हणून हटून बसल्या होत्या. शेवटी वंदना सुटीच्या दिवशी, परक्या माणसासारखी फाटकावर नाव सांगून आत गेली.

"काळंभोर झालंय ताई. गार. मातीचा वास. दुर्गाबाई गुडघ्यावर बसल्या आणि मुठीमुठीनं चाळत गेल्या. ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात. एक अक्षर सापडलं नाही. मग मला म्हणाल्या, आता कोनाचं कोनतं, कसं वळखाचं?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मीही शेजारी बसून चाळायला लागले. मग त्यांनी माझी पिशवी जवळ ओढली, डबा काढला आणि भाकर मोडली. ताई, इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण माझ्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि हात धुतले होते का गं? सगळी माती."

"नाही," वंदना म्हणाली. "मीही नाही."